लहान घराची शोभा

मॉरिशसमधील मराठी माणसाच्या घराचा इतिहास हा मुख्यतः लहान घराचाच इतिहास होय. १८३४ साली करारबद्ध मजुरांची ने-आण सुरू झाली आणि ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपर्यंत चालली. या काळात साडेचार लाखांवर माणसे हिंदुस्थानातून या बेटावर उतरली. पोर्ट लुईस येथील ज्या जागेस आज आप्रवासी घाट म्हणतात आणि जी २००६ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेली, तेथील दगडी पायऱ्या त्यांतील पुष्कळांनी चढल्या. मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या मुलखांतील मराठी माणसे होती. त्यांच्या वाट्यास मळ्यावरील एखादी खोली आली. उसाच्या पाचटाचे छप्पर, मातीने लिंपलेल्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन, एवढेच तिचे वैभव. तथापि त्या खोलीतही एका कोपऱ्यात देव होते, दारापुढे तुळस होती आणि सणाच्या दिवशी उंबऱ्यावर पिठाची रेघ उमटत होती. घर सजविण्याची हौस पैशावाचूनही भागविता येते, हा धडा त्या पहिल्या पिढीने दिला.

पुढे पाचटाच्या जागी पत्रा आला. १९६० साली जानेवारीत 'अलिक्स' आणि फेब्रुवारीच्या अखेरीस 'कॅरोल' अशी दोन चक्रीवादळे लागोपाठ आली आणि हजारो घरे भुईसपाट झाली. त्यानंतर मध्यवर्ती गृहनिर्माण संस्था स्थापन होऊन सरकारी वसाहती उभ्या राहिल्या, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी सिमेंटच्या ठोकळ्यांची घरे बांधली. १९७५ च्या 'जर्वेझ' वादळाने त्या निर्णयाची परीक्षा पाहिली व तो योग्य ठरविला. १९९१ साली राष्ट्रीय गृहनिर्माण विकास कंपनी निघाली आणि मजल्यावर मजले चढविलेली संकुले मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या आवाक्यात आली. वडिलोपार्जित आवारात तीन भावांची तीन घरे बांधून झाली, की चौथ्याने आणि पुढील पिढीने फ्लॅटकडे वळावे, हा आता नित्याचा क्रम झाला आहे.

फ्लॅट मिळतो तेव्हा छप्पर पक्के मिळते, परंतु अंगण सुटते. अंगणाबरोबर तुळशीची जागा, आजीची उन्हात बसण्याची जागा, पाहुण्यांची सतरंजी आणि मुलांचा खेळ ही सारी एकदम बेघर होतात. नव्या घरात शिरलेल्या तरुण दांपत्यापुढे मग दोन मोह उभे राहतात. एक म्हणजे दुकानाच्या काचेआड दिसलेली खोली हप्त्यावर जशीच्या तशी उचलून आणणे. दुसरा म्हणजे जुन्या घरातील एकही वस्तू न सोडता सारे दोन खोल्यांत कोंबणे. पहिल्या मोहाने घर परक्याचे दिसू लागते, दुसऱ्याने ते कोठार होते. या दोहोंच्या मधली वाट थोड्या पैशांत काढता येते. तीच येथे सांगावयाची आहे.

आधी मोजमाप, मग खरेदी

लहान घराच्या सजावटीचे पहिले साधन म्हणजे मोजपट्टी. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, दारे कोणत्या बाजूस उघडतात आणि खिडक्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हे चौकटीच्या कागदावर काढून घ्यावे. जे सामान ठेवावयाचे त्याच्या मापाचे कागदी तुकडे कापून ते या नकाशावर सरकवून पाहावेत. माणसाला सहज जाता यावे म्हणून वाटेस सुमारे ७५ सेंटिमीटर जागा लागते. जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची मागे ओढावयासही तेवढीच हवी. या एका हिशेबाने पुष्कळदा असे ध्यानी येते, की तीन मीटर रुंदीच्या बैठकीत तीन माणसांचा कोच, दोन आरामखुर्च्या आणि मध्ये काचेचे टेबल हा संच मावतो खरा, परंतु मग माणसे मावत नाहीत.

दुसरे काम निवड करण्याचे. घरातील प्रत्येक वस्तू तीन ढिगांपैकी एकात घालावी: रोज लागणारी, वर्षातून एकदा लागणारी आणि कधीच न लागणारी. रोजची वस्तू हाताशी राहावी. वर्षाची वस्तू, म्हणजे चतुर्थीची मोठी पातेली, मखराच्या कामट्या, जादा गाद्या, ही पलंगाखाली किंवा दारावरच्या फळीवर जावी. तिसरा ढीग मात्र घराबाहेर गेला पाहिजे. येथे वृद्धांचे मन मोडू नये याची काळजी घ्यावी. आजीची जस्ताची पेटी तिसऱ्या ढिगात टाकण्याची घाई सुनेला होते, परंतु त्याच पेटीवर गादी व उशी घातली की खिडकीखालचे उत्तम आसन तयार होते, आणि आत चार रजया राहतात. वस्तू जुनी आहे एवढ्यावरून ती अडगळ ठरत नाही. जिला काम नाही ती अडगळ.

उजेड आणि वारा

उजेड व वारा यांना पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. हिंदुस्थानातून येणाऱ्या पुस्तकांत व पंचांगांत दक्षिणेकडील खिडकी उन्हाची आणि उत्तरेकडील थंड, असे गृहीत धरलेले असते. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे, तर पोर्ट लुईस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. अंतर जवळजवळ सारखेच, परंतु आरशातल्यासारखे उलट. जून-जुलैच्या हिवाळ्यात येथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. त्या दिवसांत उत्तरेची खिडकी घर उबदार करते आणि दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे ऊन येत नाही. डिसेंबरात तो जवळजवळ डोक्यावर असतो. पूर्व मात्र दोन्हीकडे पूर्वच, तेव्हा देवांचे तोंड कोणीकडे करावे याविषयी कोणाची अडचण होण्याचे कारण नाही.

क्युरपीप, वाक्वा, हेन्रिएटा या पठारावरील भागांत पाऊस व दमट हवा अधिक. तेथे उत्तरेच्या खिडकीपुढे उंच कपाट उभे करणे म्हणजे घरातील एकुलता एक शेकोटीचा कोपरा बुजविणे होय. किनाऱ्याकडच्या, विशेषतः पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागातील घरांत प्रश्न उलट असतो. तेथे दुपारनंतरचे तिरपे ऊन भिंत तापविते. अशा खिडकीस आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरच्या अंगास बांबूची चिक सोडावी. ऊन काचेच्या अलीकडे येण्यापूर्वीच अडले, तरच खोली थंड राहते. चक्रीवादळाचा इशारा मिळताच ती गुंडाळून आत घेता येईल अशा आकड्यांवर टांगावी.

या बेटावरील नेहमीचा वारा आग्नेयेकडून वाहतो. त्या बाजूची एक खिडकी व समोरच्या बाजूची दुसरी एकाच वेळी उघडी राहील आणि दोहोंच्या मधल्या वाटेत कमरेपेक्षा उंच सामान असणार नाही, अशी मांडणी केली तर पंख्याचे काम पुष्कळ हलके होते. आरसा खिडकीच्या समोरील किंवा लगतच्या भिंतीवर लावला असता उजेड खोलीच्या आतपर्यंत पोचतो व खोली रुंद भासते. रात्री छताच्या मध्यभागी एकच झगझगीत दिवा लावण्याऐवजी दोन-तीन ठिकाणी लहान व पिवळसर उजेडाचे दिवे लावावेत. ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या दिव्याइतका प्रकाश देतो. तेव्हा तीन दिवे जळले तरी वीज जुन्या एका दिव्याच्या निम्म्यानेच लागते. त्यांतील एक दिवा मुलांच्या अभ्यासाच्या जागी, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे यावा.

भिंती

रंग हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधन. लहान खोलीस पांढरा, साईसारखा, फिकट पिवळा किंवा फिकट हिरवा असा उजेड परतविणारा रंग द्यावा. छत व भिंती यांचा रंग शक्य तो जवळचा ठेवावा म्हणजे ठेंगण्या छताची कडा डोळ्यांत भरत नाही. गडद रंगाची हौस असेल तर ती एकाच भिंतीवर, आणि तीही खिडकीसमोरच्या भिंतीवर, भागवावी. हिशेब सोपा आहे. तीन मीटर बाय साडेतीन मीटरच्या खोलीच्या चार भिंती, दार-खिडक्या वजा जाता, साधारण ३० चौरस मीटर भरतात. एक लिटर रंग एका हातास सुमारे १० चौरस मीटर पुरतो. म्हणजे दोन हातांस सहा लिटर पुरेत. घरच्या माणसांनी दोन शनिवार-रविवार खर्ची घातले तर मजुरी वाचते, आणि ज्या मुलाने स्वतः भिंत रंगविली तो तिच्यावर पेन्सिल चालवीत नाही, हा आणखी एक लाभ.

पठारावरील घरांत भिंतीस बुरशी धरते. तिच्यावर रंगाचा हात फिरविणे ही फसवणूक होय. एका पावसाळ्यात ती पुन्हा वर येते. आधी पाणी कोठून येते ते शोधावे. ते छताच्या भेगेतून येते, की नळाच्या जोडातून, की बंद खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांतून, हे पाहावे. मग भिंत घासून, पूर्ण वाळवून रंग द्यावा. कपाट बाहेरच्या भिंतीस चिकटवू नये. पाच सेंटिमीटर फट ठेवली तर मागे हवा खेळते. कपाटात वाळ्याच्या मुळ्यांची जुडी ठेवावी. वाळा या बेटावर उगवतो आणि कोकणातील आजीच्या कपाटाचा वास फ्लॅटमध्ये आणतो.

भिंतीस खिळा मारण्यापूर्वीही विचार हवा. येथील पुष्कळ भिंती पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. साध्या खिळ्यावर पुस्तकांची फळी टांगली तर ती आज ना उद्या खाली येते. पोकळ भिंतीसाठी मिळणारी खास खुंटी वापरावी, अथवा जड फळी जमिनीवर टेकलेल्या उभ्या चौकटीवर बसवावी. कोणतीही भिंत पाडू नये. वरच्या मजल्याचा भार तिच्यावर असू शकतो. १९६० नंतरच्या काही वसाहतींतील घरांना अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे वापरलेले होते. अशा घरात जो राहत असेल त्याने त्या पत्र्यास भोक पाडू नये, तो घासू वा फोडू नये, कारण त्याची धूळ फुप्फुसास घातक असते. फ्लॅटच्या बाहेरील भिंतीचा रंग, सज्जाची जाळी किंवा कपड्यांची दोरी बदलावयाची असल्यास इमारतीच्या सिंदिकची संमती आधी घ्यावी. शेजाऱ्याशी वाकडे घेऊन आलेली शोभा फार दिवस टिकत नाही.

भिंतीवर काय लावावे? थोडेच, परंतु आपले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या व छायाचित्रे जतन केलेली आहेत, आणि पुष्कळ कुटुंबांनी तेथून आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मिळविला आहे. त्या उताऱ्याची प्रत साध्या लाकडी चौकटीत बसवून बैठकीच्या भिंतीवर लावली, तर दुकानातून आणलेल्या कोणत्याही देखाव्यापेक्षा ती अधिक बोलते. नाव, गाव, उंची, जहाज अशा रुक्ष ओळी वाचताना मुलांच्या तोंडून जे प्रश्न निघतात, त्यांतच त्या चौकटीची किंमत वसूल होते. जुनी छायाचित्रे लावताना मात्र मूळ चित्र पेटीत ठेवावे व त्याची नक्कल लावावी, कारण ऊन आणि ओलावा दोन्ही त्यांचे शत्रू आहेत.

कापड

मराठी घरात कापडाची वाण कधीच नसते. आजीची नऊवारी साडी सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. तिचे दोन-दोन मीटर दहा सेंटिमीटरचे तीन तुकडे केले, तर दोन तुकड्यांचा पडदा सव्वा मीटर रुंदीच्या खिडकीस चुण्यांसह पुरतो आणि तिसरा उघड्या फळ्यांपुढे लावता येतो. उरलेल्या सुमारे दोन मीटरांत उशांचे तीन अभ्रे होतात. अर्थात जी साडी कोणाच्या लग्नाची किंवा बारशाची असेल तिला कात्री लावण्यापूर्वी घरच्या वडील बाईला विचारावे. काही वस्त्रे कापण्यासाठी नसतात. ती घडी करून ठेवण्यासाठीच असतात. विटलेल्या सुती साड्यांची गोधडी हा तर कोकणातून आलेला वारसा. रंगीत तुकड्यांची गोधडी पलंगावर पसरली की दुसऱ्या पलंगपोसाची गरज राहत नाही, आणि क्युरपीपच्या हिवाळ्यात तिची ऊब जुन्या मायेची आठवण देते.

नवे कापड घ्यावयाचे असल्यास कात्र बोर्नचा गुरुवारचा आणि रविवारचा बाजार आहे. १९७० च्या निर्यातक्षेत्राच्या कायद्यानंतर या देशात कापडाचे व कपड्यांचे कारखाने वाढले. त्यांच्याकडील उरलेले तागे व तुकडे अशा बाजारांतून पुष्कळदा स्वस्त मिळतात. एका घरात दोन किंवा तीन रंगांपलीकडे जाऊ नये. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीवर न लावता छताच्या जवळ व दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा सेंटिमीटर पुढे काढून लावावी. खिडकी मोठी भासते आणि पडदा सारल्यावर काच पूर्ण उघडी राहते.

जमिनीसाठी वाकोआच्या पातीची चटई घ्यावी. वाक्वा हे गावाचे नावच मुळी या झाडावरून पडलेले. हे झाड कोकणातील केवड्याच्या कुळातले, हे ध्यानी घेतले तर चटईशी जुनी ओळख निघते. त्याच पातीची बाजाराची टोपली, जिला क्रिओलमध्ये 'तांत' म्हणतात, खुंटीवर टांगली की वर्तमानपत्रे, लोकर किंवा मुलांची खेळणी ठेवण्यास उपयोगी पडते. हाताने विणलेली अशी वस्तू विकत घेतल्याने येथल्या व रोद्रीग बेटावरच्या विणकरांची चूलही पेटते.

सामान आणि हप्ता

लहान घरात प्रत्येक सामानाने दोन कामे करावीत. पलंगाखाली खण असावेत. बैठकीत कोचाऐवजी पेटीचा दिवाण असावा, म्हणजे दिवसा बसणे, रात्री पाहुण्याचे निजणे आणि आत अंथरुणे अशी तीन कामे होतात. साठ बाय नव्वद सेंटिमीटरची फळी बिजागऱ्यांनी भिंतीस जोडली तर ती जेवणाचे टेबल, अभ्यासाचे मेज आणि मिटल्यावर भिंतीचाच भाग होते. बारीक पायांवर उभे असलेले सामान घ्यावे. खालची जमीन दिसत राहिली की खोली मोकळी भासते, आणि झाडूही फिरतो.

जुने सामान घेण्यात कमीपणा नाही. वेताच्या बैठकीच्या जुन्या लाकडी खुर्च्या पुन्हा विणून, घासून, तेल-पॉलिश केल्या की नव्या दबलेल्या भुशाच्या फळ्यांच्या सामानापेक्षा कितीतरी वर्षे अधिक चालतात. भुशाची फळी या हवेत ओल पिऊन फुगते, हा अनुभव घरोघरचा आहे. मात्र जुने लाकूड घरात आणण्यापूर्वी ते उलटे करून पाहावे. खसखशीसारखे बारीक दाणे खाली सांडत असतील तर आत वाळवी आहे असे समजावे आणि वस्तू दुकानातच सोडावी.

आता हप्त्याविषयी. समजा, एका कोचाची रोख किंमत ३०,००० रुपये आहे आणि दुकानदार तो महिना १,६०० रुपयांच्या २४ हप्त्यांवर देतो. बेरीज ३८,४०० होते. म्हणजे ८,४०० रुपये केवळ थांबता न आल्याबद्दल भरले. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता आधीच चालू असलेल्या घरात कोच, दूरदर्शन संच आणि कपाट अशा तीन हप्त्यांची भर पडली की महिनाअखेर नवरा-बायकोच्या बोलण्यात पडणारा खळ कोणत्याही पडद्याने झाकत नाही. ज्यांच्या पणजोबांनी कराराची वर्षे मोजत दिवस काढले, त्यांनी कोचासाठी पुन्हा कराराची वर्षे मोजावीत काय? अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण जणू फ्लॅटसाठीच झाली आहे. दरमहा ठरावीक रक्कम डब्यात टाकावी आणि वर्षात एकच मोठी वस्तू घ्यावी. दरम्यान बैठक रिकामी राहिली तर चटई आणि उशा आहेतच. रिकामी जागा ही दारिद्र्याची खूण नव्हे. लहान घरात ती चैनच होय.

देवघर आणि तुळस

मराठी कुटुंबास फ्लॅटमध्ये सर्वांत आधी अडते ते देवघर. स्वतंत्र खोली मिळत नाही. स्वयंपाकघर व बैठक यांच्या मधला कोपरा, डोळ्यांच्या उंचीवरील ४५ सेंटिमीटर रुंदीची फळी आणि तिला दोन लहान दारे, एवढ्यात देवघर बसते. दारांस जाळीचे काम असावे म्हणजे धूर कोंडत नाही. खालच्या खणात पोथ्या, वाती, कापूर राहतात. समईखाली लादीचा किंवा पितळेचा तुकडा असावा, मागच्या भिंतीस एखादी चकचकीत फरशी लावावी म्हणजे काजळी पुसता येते. ज्योतीच्या वर व बाजूस पडदा, कागदी माळ वा लाकडी फळी जवळ नसावी. गॅसच्या नळकांड्याशेजारी तर देवघर मुळीच नको.

तुळशीला सज्जाचा कोपरा द्यावा. तिला दिवसाचे काही तास थेट ऊन हवे. उत्तरेचा किंवा पूर्वेचा सज्जा तिला मानवतो. ज्या सज्जास केवळ दक्षिण मिळते तेथे हिवाळ्यात ती झुरते. मग कुंडी खिडकीच्या उजेडात हलवावी लागते, म्हणून ती हलविता येईल एवढीच असावी. सिमेंटचे जड वृंदावन वरच्या मजल्यावर चढविण्याचा हट्ट करू नये. मातीच्या कुंडीला गेरू व चुना यांनी रंगविले की तिचे वृंदावन होते. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. २००५-०६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत आणि पुढे डेंग्यूच्या फैलावात डासांची पैदास अशाच थोड्या पाण्यात होते हे सर्वांना कळून चुकले आहे. बशीत वाळू भरली की प्रश्न मिटतो. तुळशीशेजारी कढीलिंब, पुदिना, मिरची अशा तीन कुंड्या ठेवल्या तर शोभा आणि फोडणी दोन्ही साधतात. चक्रीवादळाच्या दिवसांत सर्व कुंड्या आत घ्याव्यात. वाऱ्याने उडालेली कुंडी शेजाऱ्याच्या काचेस पाहुणी जाते.

चतुर्थीची परीक्षा

घराची मांडणी साधली की नाही, याचा निकाल गणेश चतुर्थीला लागतो. त्या दिवशी देशास सुट्टी असते, आणि एरवी चार माणसांच्या असलेल्या घरात चाळीस माणसे येतात. भिंतीची फळी मिटली, दिवाण भिंतीस सरकला, चटया पसरल्या आणि बैठकीच्या मध्यभागी आरतीपुरती मोकळी जागा निघाली, तर मांडणी उतरली म्हणावयाचे. बांबूच्या कामट्यांचे मखर सुटे करून वर्षभर पलंगाखाली राहील असे बांधावे. त्यावर दरवर्षी निराळे कापड चढवावे. थर्माकोलचा मोह टाळावा, कारण तो विसर्जनानंतर नदीत आणि समुद्रात उरतो. आंब्याची किंवा अशोकाची पाने दाराला, तांदळाच्या पिठाची रांगोळी उंबऱ्यापुढे, आणि जिन्याच्या कठड्यावर दोन पणत्या: यांना खर्च नाही, परंतु खालच्या मजल्यावरील क्रिओल किंवा चिनी शेजाऱ्यालाही आज या घरी सण आहे हे कळते, आणि मोदकाचे ताट घेऊन त्याच्या दाराशी जाणे सोपे होते.

शेवटी, शोभा ही राहणाऱ्यांसाठी असते, पाहणाऱ्यांसाठी नंतर. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला उन्हाची एक खुर्ची आहे, मुलाला दिव्याखाली अभ्यासाची हातभर जागा आहे, गृहिणीला उभे राहून स्वयंपाक करताना बाहेरचे झाड दिसते आणि महिनाअखेर कोणाचा हप्ता थकलेला नाही, ते घर दोन खोल्यांचे असले तरी सजलेले आहे. तेवढी मांडणी मोजपट्टी, रंगाचा डबा, जुनी साडी आणि घरच्यांचे एकमत एवढ्या सामग्रीवर होते. पहिल्या तीन गोष्टी बाजारात किंवा पेटीत सापडतात. चौथी मात्र सर्वांनी एकत्र बसून नकाशावरचे कागदी तुकडे सरकविताना मिळते, आणि म्हणून सजावटीची सुरुवात तेथूनच करावी.